सगळं टपाल एका फोल्डरात!

एक फोल्डर. फक्त एक! नावाच्या सुरुवातीला काही अर्थ न लागणारी आठ अक्षरं आणि आकडे, मग टिंब, मग 'डिफॉल्ट'. एवढा हा फोल्डर दिल्लीच्या जनकपुरीतल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरून उचलला, कोऱ्या लॅपटॉपवर नेऊन ठेवला, थंडरबर्ड नावाचा मेलचा प्रोग्रॅम उघडला, आणि समोर सगळं जिथल्या तिथे! पत्रं, पत्रांचे कप्पे, कप्प्यांतले उपकप्पे, पत्त्यांची वही, पत्राखाली आपोआप येणारी सही, लाल-निळ्या खुणा, अर्धवट लिहून ठेवलेला मसुदा, एवढंच काय, पासवर्डसुद्धा. काहीही नव्याने भरावं लागलं नाही. मी खुर्चीतून उठून अक्षरशः टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "अगं, हळू! शेजारचे काय म्हणतील!"

मला सांगा, हे आजवर मला कुणी सांगितलं का नव्हतं? मी भाषांतराची आणि मुद्रितशोधनाची कामं करते, नोएडात बसून पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांशी सगळा व्यवहार मेलनेच चालतो, आणि तरी मेल म्हणजे कुठेतरी वर, कुणाच्या तरी ताब्यात असलेली वस्तू, अशीच माझी समजूत होती. ती आपल्या घरात, आपल्याच डिस्कवर, साध्या फायलींच्या रूपात पडून असू शकते आणि कॉपी-पेस्ट करून हलवता येते, हे कळल्यापासून मी भेटेल त्याला पकडून सांगत सुटले आहे. आता तुमची पाळी.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. दिल्लीतल्या मराठी माणसाला असे काका लाभतातच. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आणि कितीतरी वर्षं एका मराठी मंडळाचे चिटणीस. दिल्लीतल्या मंडळाचा चिटणीस काय काय करतो हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला कळायचं नाही. गणपतीची मूर्ती कुठून आणायची इथपासून कोजागिरीच्या दुधाच्या हिशेबापर्यंत, पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात कुणाच्या तरी भाच्याची राहायची सोय, पुण्याहून येणाऱ्या नाटकवाल्यांची परतीची तिकिटं, कुणी गेलं तर सगळ्यांना कळवणं, हे सगळं काकांच्या मेलमधून गेलेलं. शिवाय मुलगा न्यू जर्सीला, बहीण साताऱ्याला. आणि हा सगळा ऐवज एकाच डिस्कवर, जी एका हिवाळ्यापासून मधूनच टकटक आवाज करत होती. मी म्हणायची, "काका, कॉम्प्युटर बदला." ते म्हणायचे, "आधी संमेलन होऊ दे." फेब्रुवारी २०२५मध्ये तालकटोरा स्टेडियमवर ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा दिल्लीकर मराठी माणसाला दुसरं काही सुचतच नव्हतं, १९५४नंतर पहिल्यांदाच संमेलन दिल्लीत आलं होतं! ते पार पडलं, डिस्क टकटकतच होती, आणि शेवटी आम्ही दोघं नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर-बाजारात गेलो.

लॅपटॉप छान मिळाला. मेलचं काय, असं विचारल्यावर दुकानातला पोरगा हसला. "अंकल, आजकल सब क्लाउड में होता है. लॉगिन करो, मेल आ जाएगी." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याच्या वयाच्या मुलांची मेल खरोखर तिथेच असते. काकांची नव्हती. काका व्हीएसएनएलच्या काळातले. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकाला इंटरनेट खुलं केलं, ते दिल्ली-मुंबईसारख्या मोजक्या महानगरांत, टेलिफोनच्या तारेवरून, कर्रर्र-चिर्रर्र करत. तेव्हाचे मेलचे पत्ते पाहिलेत कधी? दिल्लीचा असेल तर 'जीआयएएसडीएल०१', मुंबईचा 'जीआयएएसबीएम०१', पुण्याचा 'जीआयएएसपीएन०१', आणि त्यापुढे व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन. पत्ता वाचूनच पत्र कुठल्या गावचं ते कळायचं! सर्व्हरवर जागा इतकी थोडी की मेल उतरवून घ्यायची आणि तिथली पुसून टाकायची, हीच रीत. या रीतीचं नाव पॉप. पुढे सेवा बदलली, पत्ता बदलला, जागा वाढली, पण काकांनी ती रीत सोडली नाही. "आपली पत्रं लोकांच्या घरात कशाला ठेवायची?" हा त्यांचा सवाल, आणि खरं सांगू, मला त्याला आजही उत्तर सुचलेलं नाही.

म्हणजे जगात त्या पत्रांची एकच प्रत, टकटकणाऱ्या डिस्कवर.

आता ती डिस्कवर कुठे, हा प्रश्न. 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये नाही, डेस्कटॉपवर नाही. थंडरबर्डच्या 'हेल्प'मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' नावाचं एक पान असतं. नाव वाचूनच आपण ते टाळतो. त्या पानावर 'प्रोफाइल फोल्डर' अशी ओळ आणि तिच्याशेजारी 'ओपन फोल्डर' असं बटण. दाबलं, आणि दार उघडलं! विंडोज एरवी लपवून ठेवतं त्या 'ॲपडेटा'च्या आत 'रोमिंग', त्याच्या आत 'थंडरबर्ड', त्याच्या आत 'प्रोफाइल्स', आणि त्याच्या आत तो अर्थ न लागणारा फोल्डर. त्यातल्या 'मेल' नावाच्या फोल्डरात शिरले तर तिथे 'इनबॉक्स', 'सेंट', 'सातारा', 'मंडळ-हिशेब', काकांनी डाव्या बाजूला केलेले सगळे कप्पे एकेक फाइल होऊन बसलेले. प्रत्येकीच्या जोडीला त्याच नावाची, पण पुढे 'एमएसएफ' लावलेली एक छोटी फाइल. ती नुसती सूची असते. हरवली तरी थंडरबर्ड नवी करून घेतं. खरा माल पहिल्या फाइलमध्ये.

'सातारा'ची एक नक्कल केली आणि ती नोटपॅडमध्ये उघडली. मला वाटलं होतं चौकोन-चौकोन, प्रश्नचिन्हं, यंत्राची काहीतरी भाषा दिसेल. तर काय, अक्षरं! सरळ वाचता येणारी अक्षरं! आत्याबाईंचं, म्हणजे काकांच्या बहिणीचं, पत्र, रोमन लिपीतल्या मराठीत: आंबे कसे निघाले, गुडघा कसा आहे, पावसाने कसं छळलंय. त्याखाली दुसरं पत्र. त्याखाली तिसरं. एकाखाली एक, आलेल्या क्रमाने, एका लांबलचक फाइलमध्ये. या पद्धतीला 'एमबॉक्स' म्हणतात, आणि ती १९७०च्या दशकातल्या युनिक्स यंत्रांवरून चालत आलेली आहे. पन्नास वर्षांमागची पद्धत, आणि आजचं नोटपॅड ती उघडतं! आत्याबाईंचं पत्र वाचायला थंडरबर्ड नसलं तरी चालेल, विंडोज नसलं तरी चालेल. यापेक्षा भरवशाचं काय असतं?

एक पत्र कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, ते कसं कळतं? तर प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'फ्रॉम' या इंग्रजी शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते. बस, एवढीच खूण. मग मनात आलं, कुणी पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ 'फ्रॉम'ने सुरू केली तर? तर प्रोग्रॅम तिच्या आधी गुपचूप एक बाणाचं चिन्ह टाकतो, म्हणजे घोटाळा व्हायला नको. हे वाचल्यावर मी काकांच्या मुलाची इंग्रजी पत्रं शोधत बसले, आणि सापडलं! 'फ्रॉम न्यूअर्क वी टुक द ट्रेन' असं लिहिलेल्या ओळीच्या तोंडाशी तो बाण. त्याने तो टाकलेला नव्हता, यंत्राने टाकला होता, आणि कितीतरी वर्षं तो तिथेच उभा होता. मुद्रितशोधनाच्या सवयीमुळे असेल, मला या बाणाचं फारच कौतुक वाटलं.

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. मुलाच्या पुढच्या काळातल्या पत्रांचा विषय मराठीत, देवनागरीत लिहिलेला. फाइलमध्ये मात्र देवनागरी दिसेना. एका पत्राचा विषय, थंडरबर्डमध्ये पाहिला तर, नुसता 'आई'. आणि फाइलमध्ये त्याच जागी: ४-के-एस-जी-४-के-एस-आय. हे काय? मेलचा मूळ नियम, १९८२चा, फक्त इंग्रजी अक्षरं ओळखणारा. १९९२मध्ये नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाची सोय मांडली आणि मेलमधून चित्रं, आवाज, परक्या लिप्या जाऊ लागल्या. पण त्यासाठी तो सगळा माल आधी साध्या अक्षरांत बसवावा लागतो. तीन बाइट घ्यायचे, त्यांची चार अक्षरं करायची. त्याचं नाव बेस ६४. आता बघा: युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा बरोबर तीन बाइट घेते. म्हणजे बेस ६४मध्ये प्रत्येकीची बरोबर चार अक्षरं! 'आ' म्हणजे ४-के-एस-जी. 'ई' म्हणजे ४-के-एस-आय. मध्ये जागा सोडली नाही तर हा हिशेब कधी चुकत नाही. स्वर, व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी यांची सुरुवात ४-के-एसने होते. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडायची खूण यांची ४-के-डब्ल्यूने. ऱ्हस्व वेलांटी एका घराण्यातली, दीर्घ दुसऱ्या! शुद्धलेखन तपासण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला हे कळल्यावर तिने काय करावं? मी काकूंना हाक मारली आणि ती आठ अक्षरं दाखवून म्हटलं, "काकू, हे बघा, हे 'आई' आहे." त्या म्हणाल्या, "तुला चहा हवाय का?"

आणि आता पुसलेल्या पत्रांबद्दल ऐका. थंडरबर्डमध्ये पत्र पुसलं की ते फाइलमधून जात नाही! त्याच्या वरच्या भागात 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी एक ओळ असते. तिच्यातला आकडा बदलतो, आणि पत्र यादीतून दिसेनासं होतं. फाइलमध्ये ते जसंच्या तसं राहतं, जोवर आपण 'कॉम्पॅक्ट' म्हणत नाही. थंडरबर्ड अधूनमधून विचारतंही, जागा वाचवण्यासाठी फोल्डर आवळू का? आणि काकांचा आयुष्यभराचा नियम असा की कॉम्प्युटरने काहीही विचारलं की 'नको' दाबायचं. कधीही, कशालाही, नको! त्या 'नको'च्या जोरावर सगळं शिल्लक होतं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, फोन लागेनात. त्यानंतरच्या दिवसांतली पत्रं कधीच न आवळलेल्या फाइलमध्ये ओळीने उभी: दादरहून, कलिन्याहून, ठाण्याहून. दोन-दोन ओळींची. आम्ही वर आहोत, खालचं सगळं गेलं. बाबा ऑफिसातच राहिले, काळजी नको. काकांनी ती कधीतरी जागा करायची म्हणून पुसली होती. आणि १३ सप्टेंबर २००८, दिल्लीत करोल बाग, कॅनॉट प्लेस, ग्रेटर कैलाशला स्फोट झाले, तेव्हा काळजी उलट दिशेने: पुण्याहून, नागपूरहून, साताऱ्याहून, कसे आहात, कुठे आहात, लगेच कळवा. काकांनी सगळ्यांना मिळून एकच उत्तर पाठवलं होतं: घरातच आहोत. मी वाचत होते आणि काका माझ्या मागे उभे राहून वाचत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ही परत आणता येतील?" येतात! नकलेत त्या ओळीतला आकडा बदलून चार शून्यं केली, शेजारची एमएसएफ फाइल काढून टाकली, थंडरबर्ड पुन्हा उघडलं, आणि पत्रं यादीत हजर. मी ओरडलेच. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता काय झालं?" हे मात्र लक्षात ठेवा की याची दुसरी बाजूही आहे: जे पुसलं असं तुम्हाला वाटतं ते पुसलेलं नसतं. जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देण्याआधी याचा विचार करा.

हलवण्याचं प्रत्यक्ष काम त्या मानाने काहीच नव्हतं. एक खडा तेवढा लागला. नेहरू प्लेसहून आणलेल्या पेनड्राइव्हवर भरपूर जागा असूनही 'इनबॉक्स' जाईना. फाइल फार मोठी आहे, म्हणे. ती मोठी का, तर काकांचा 'नको'. कधीच आवळलेली नसल्याने ती चार जीबीच्या पुढे गेली होती. आणि बाजारातले बरेचसे लहान पेनड्राइव्ह 'फॅट ३२' नावाच्या जुन्या आखणीत येतात, तिच्यात चार जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही, मग ड्राइव्ह कितीही रिकामा असो. ड्राइव्ह 'एक्सफॅट'मध्ये नव्याने आखून घेतला, आणि गेली. थंडरबर्डच्या मेनूत 'एक्स्पोर्ट' असंही एक बटण आता आहे, पण ते दोन जीबीपर्यंतच झिप करून देतं. काकांसारख्या माणसाच्या कामाचं नाही. आपला हातच बरा.

नव्या लॅपटॉपवर थंडरबर्ड घातलं, एकदा उघडून बंद केलं, तो फोल्डर 'प्रोफाइल्स'मध्ये ठेवला. मग 'अबाउट प्रोफाइल्स' या पानावर जाऊन नवा प्रोफाइल करताना जागा म्हणून हाच फोल्डर दाखवला. ट्रक नाही, हमाल नाही, दोऱ्या नाहीत, आणि सगळं बिऱ्हाड नव्या घरात मांडून तयार! पुढचं तुम्हाला सांगितलंच, टाळ्या आणि शेजारी. एवढं बघा की नव्या कॉम्प्युटरवरचं थंडरबर्ड जुन्याच्या बरोबरीचं किंवा त्याहून नवं असावं. नव्याचा फोल्डर जुन्या आवृत्तीला दिला तर ती तो घेत नाही. आणि पासवर्डही त्याच फोल्डरात असतात हे आठवून पेनड्राइव्ह सांभाळा. सेटिंगमध्ये 'प्रायमरी पासवर्ड' घालून ठेवला तर उत्तम.

एक गोष्ट मात्र फोल्डरात नव्हती, आणि ती मराठी माणसालाच लागते. मंडळाच्या जुन्या निमंत्रणपत्रिका, अहवाल, सभासदांच्या याद्या मेलला जोडलेल्या होत्या. नव्या लॅपटॉपवर उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची रास! काकांचा चेहरा उतरला. फाइल बिघडली नव्हती. युनिकोड रुळण्याआधी आपण सगळे शिवाजी, किरण, श्रीलिपी, सुरेख असल्या फॉन्टांत टंकत होतो ना? त्यांत खालचं अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्याचं रूप मराठी दाखवतात. फॉन्ट नसला की मराठी गेली. मग जुन्या कॉम्प्युटरच्या 'विंडोज' फोल्डरातून 'फॉन्ट्स' उघडलं, त्यातला 'शिवाजी' उचलला, नव्यावर बसवला, पत्रिका पुन्हा उघडली, आणि 'श्री गणेशाय नमः' दिसू लागलं! म्हणून सांगते, २००५च्या आसपासची मराठी कागदपत्रं जवळ असतील तर मेलबरोबर फॉन्टही उचला. इंग्रजीतल्या कुठल्याही माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं नसतं.

त्यानंतर मला सगळीकडे हाच विषय दिसू लागला आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये बातमी वाचली की केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची मेल झोहो कंपनीच्या व्यवस्थेवर हलवली गेली. सात वर्षांचं कंत्राट २०२३मध्येच दिलेलं होतं. बारा लाख! आणि पत्ते तेच, 'एनआयसी डॉट इन' आणि 'गव्ह डॉट इन'. आमच्या सोसायटीतले सरकारी नोकरीतले गृहस्थ जिन्यात भेटले, त्यांना मी उत्साहाने विचारलं, कसं वाटतंय? ते म्हणाले, "काय कसं वाटतंय?" काहींना असल्या गोष्टींचं काहीच वाटत नाही. आणि एम्सचं आठवतं का? २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, बाह्यरुग्ण विभागात पुन्हा हाताने कागद भरायची पाळी आली. पण तिथल्या 'ई-हॉस्पिटल' या व्यवस्थेचा डेटा परत मिळाला, कारण हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवर त्याची नक्कल होती. तेव्हा ही बातमी मी वरवर वाचून सोडली होती. आता ती पुन्हा शोधून वाचली आणि 'बॅकअप' या शब्दापाशी येऊन मान डोलावली.

तुम्ही म्हणाल, आमची मेल जीमेलवर आहे, आम्हाला काय त्याचं? आहे ना! तिथली मेल आपण 'आयमॅप'सारख्या पद्धतीने बघतो, म्हणजे फोनवर, लॅपटॉपवर, सगळीकडे एकाच साठ्याचं प्रतिबिंब. सोय उत्तम, पण एका ठिकाणी पुसलं की सगळीकडून जातं, म्हणून त्याला बॅकअप म्हणता येत नाही. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं, हा नियम डिसेंबर २०२३पासून अमलात आहे. वडील गेल्यावर त्यांच्या खात्याकडे कोण बघतं? आणि आता गंमत: गुगलच्याच 'टेकआउट'वर जाऊन तुमची सगळी मेल मागवा. कुठल्या रूपात येते माहीत आहे? एमबॉक्स! तीच युनिक्सच्या काळातली लांबलचक फाइल, तीच 'फ्रॉम'ची ओळ, तेच ४-के-एस. मी माझी मागवली तेव्हा पहिल्यांदा तेच शोधलं. ऑफिसात आउटलुक असेल तर तिथे 'पीएसटी' नावाची फाइल असू शकते. ती नोटपॅडमध्ये वाचता येत नाही, आणि मला ती त्यामुळेच आवडत नाही, पण तिची नक्कल मात्र अशीच होते: आउटलुक बंद करा, फाइल उचला.

आमचं आता असं ठरलं आहे. पीटर क्रॉग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१चा नियम आहे: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. काकांची एक प्रत लॅपटॉपवर, एक त्यांच्या कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर, आणि एक माझ्याकडे नोएडात, पासवर्ड घालून. जनकपुरी पश्चिम ते बोटॅनिकल गार्डन, मेट्रोच्या मॅजेंटा लाइनने, सगळी दिल्ली मध्ये; एकाच दिवशी दोन्हीकडे आग लागणार नाही. महिन्यातून एकदा काका-काकूंकडे जेवायला जायचं आणि डिस्क जोडायची. जेवण पहिलं की डिस्क, यावर मतभेद आहेत.

विंडोज १०ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा तुमच्याही घरात, सासरी-माहेरी, कुठल्यातरी काकांकडे एक जुना कॉम्प्युटर निघायच्या बेतात असेल. तो हलवण्याआधी त्याच्यापुढे बसा. मेल कशात बघतात ते विचारा, 'हेल्प' उघडा, तो फोल्डर शोधा, फॉन्ट विसरू नका, आणि सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. नक्कल करताना थंडरबर्ड पूर्ण बंद असू द्या. चालू असताना घेतलेली नक्कल अर्धवट निघू शकते.